खिडक्या लावायच्या की पळायचं?

दोन वर्षांपूर्वी आई पहिल्यांदा माझ्याकडे ह्यूस्टनला आली होती. एका संध्याकाळी, आम्ही दोघी भाजी निवडत असताना, माझा आणि तिचा फोन एकदमच कर्कश वाजला. जवळच्या एका प्लांटमधून रसायनाची गळती झाली होती. मेसेजमध्ये लिहिलं होतं 'शेल्टर इन प्लेस', म्हणजे आहात तिथेच थांबा, दारं-खिडक्या लावा, एसी बंद करा.

मी खिडक्या लावायला उठले. आई उठली ती थेट पासपोर्टची पिशवी घ्यायला.

"चल, गाडी काढ."

"अगं, बाहेर नाही जायचं. घरातच थांबायचं."

"गॅस येतोय आणि घरात बसून राहायचं? कुणी सांगितलं? आणि कशावरून?"

आईची भीती उगाच नव्हती. आमचं घर डोंबिवलीत, एमआयडीसीपासून चालत जाता येईल इतकं जवळ. मे २०१६ मध्ये तिथल्या एका कारखान्यात स्फोट झाला, तेव्हा आमच्या स्वयंपाकघराची काच फुटून ओट्यावर पडली होती. २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला आणि २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. हे सगळं बघितलेल्या माणसाला 'घरात बसा' म्हणणं सोपं नाही.

दोनेक तासांनी 'सगळं ठीक आहे' असा मेसेज आला. कोणालाही काही झालं नाही. पण आईचा प्रश्न तसाच राहिला: कुणी सांगितलं, आणि कशावरून?

गंमत म्हणजे मी पोस्टडॉक म्हणून जे काम करते त्याचा विषयच हा आहे. कारखान्यातून विषारी वायू बाहेर पडला तर तो कुठे जाईल, किती दूर जाईल, किती लोकांना त्रास होईल, हे सॉफ्टवेअरने काढायचं. तरीही त्या संध्याकाळी मला आईला एका वाक्यात उत्तर देता आलं नाही. पॉडकास्टच्या भागातही या प्रश्नाला पाचच मिनिटं मिळाली. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

सॉफ्टवेअर नेमकं काय करतं?

या कामासाठी जगभर वापरलं जाणारं एक साधं सॉफ्टवेअर म्हणजे 'अलोहा'. अमेरिकेतल्या नोआ आणि ईपीए या दोन सरकारी संस्थांनी ते तयार केलं. ते फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. मुळात ते अग्निशमन दलासारख्या, घटनास्थळी सगळ्यात आधी पोचणाऱ्या लोकांसाठी बनवलं. त्यांच्याकडे वेळ नसतो, त्यामुळे उत्तर काही मिनिटांत यायला हवं.

ठिकाण कोणतं, रसायन कोणतं, वारा किती आणि कुठून, ढग आहेत का, टाकी केवढी, भोक केवढं, हे सगळं आपण भरायचं. मग नकाशावर पिसासारखे लांबट तीन पट्टे उमटतात: लाल, केशरी आणि पिवळा. लाल पट्ट्यात जिवाला धोका. केशरी पट्ट्यात गंभीर किंवा कायमची इजा होऊ शकते, किंवा माणसाला तिथून स्वतःहून निघून जाणं अवघड होऊ शकतं. पिवळ्यात डोळे चुरचुरणं, खोकला असा त्रास.

हे पट्टे काढताना सॉफ्टवेअर तीन प्रश्न एकापाठोपाठ एक सोडवतं. किती वायू बाहेर आला? तो हवेत कसा पसरला? आणि जिथे पोचला तिथल्या माणसाला त्याने काय केलं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला लागतं, दुसऱ्याचं तिसऱ्याला. त्यामुळे पहिल्या पायरीवर चूक झाली की ती शेवटपर्यंत सोबत येते.

पहिला प्रश्न: किती बाहेर आलं?

क्लोरीनचं उदाहरण घेऊ. पाणी शुद्ध करण्यासाठी तो सगळीकडे वापरला जातो. भारतातल्या जलशुद्धीकरण केंद्रांत साधारण ९०० किलो क्लोरीन मावणारी आडवी सिलिंडरं असतात. तिथले ऑपरेटर त्यांना 'टनर' म्हणतात. आत क्लोरीन दाबाखाली द्रवरूपात असतो आणि त्याच्या वरच्या जागेत वायू असतो.

समजा, टनरला बारीक भोक पडलं. भोकाचा व्यास दुप्पट झाला तर गळती दुप्पट होत नाही, चौपट होते, कारण भोकाचं क्षेत्रफळ चौपट होतं. म्हणजे फोनवर कोणी घाईत 'अर्ध्या इंचाचं असेल' म्हणालं आणि प्रत्यक्षात ते एक इंचाचं निघालं, तर तुमचा सगळा हिशोब चार पटींनी चुकला.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे भोक कुठे आहे. ते वरच्या बाजूला असेल तर फक्त वायू बाहेर येतो. खालच्या बाजूला असेल तर द्रव बाहेर येतो, आणि एक लिटर द्रव क्लोरीनचा साधारण ४६० लिटर वायू होतो. म्हणून टनर गळायला लागला की अनुभवी ऑपरेटर, शक्य असेल तर, तो गोल फिरवतो आणि गळतीची जागा वर आणतो. या एका कृतीने गळती कितीतरी पटींनी कमी होते. सॉफ्टवेअरमध्ये हा सगळा फरक एका छोट्याशा चौकटीत असतो: भोक द्रवाच्या पातळीच्या वर की खाली? ती चौकट भरणाऱ्याने ऑपरेटरला विचारलेलं असलं तर बरं.

दुसरा प्रश्न: कुठे गेलं?

उदबत्तीचा धूर वर जातो, कारण तो गरम असतो. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीच पट जड आहे. तो आधी खाली बसतो, मग पाण्यासारखा उतारावरून सरकतो, नाल्यात, तळघरात, सखल भागात साचतो. घरचा सिलिंडर गळला तर 'गॅस खाली साठतो, दार उघडा' असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. त्याचंही कारण हेच. जड वायूचं गणित हलक्या वायूपेक्षा वेगळं असतं, आणि अलोहामध्ये दोन्हीसाठी वेगवेगळी मॉडेल्स आहेत.

मग येतो वारा. आपल्याला वाटतं, जोराचा वारा म्हणजे वाईट, कारण वायू लांब जाणार. प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलट असतं. जोराचा वारा आणि कडक ऊन असेल तर हवा घुसळली जाते आणि वायू लवकर विरळ होतो. वाईट असते ती शांत, निरभ्र रात्र.

गावाकडे हिवाळ्यात भल्या पहाटे उठला असाल तर हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. चुलींचा धूर थोडासा वर जातो आणि मग छपरांच्या वर चादरीसारखा आडवा पसरून राहतो. जमीन रात्रभर थंड झालेली असते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड झालेली असते, त्यामुळे खालची हवा वर जात नाही. फ्रँक पास्किल नावाच्या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये हवेच्या या स्वभावाचे ए ते एफ असे सहा वर्ग मांडले. ए म्हणजे दुपारची खळबळती हवा, एफ म्हणजे ती पहाटेची निपचित हवा. आजही बहुतेक सॉफ्टवेअर हेच वर्ग वापरतात. बाकी सगळं तेच ठेवून नुसता वर्ग बदलला तरी पट्टा कित्येक पटींनी लांब होतो.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली भोपाळची रात्र अशीच होती: थंडी, मंद वारा. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडलं. हा वायू हवेच्या जवळजवळ दुप्पट जड. तो कारखान्याला लागून असलेल्या वस्त्यांमध्ये जमिनीलगत शिरला. लोक झोपेतून उठून पळाले, आणि वायू कुठे चाललाय हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण त्याच्याच दिशेने पळाले. पळताना श्वास जोरात चालतो, त्यामुळे विषही जास्त आत गेलं. हजारो माणसं गेली. वाऱ्याला आडवे चालत जा, ओलं फडकं नाकातोंडावर धरा, एवढं सांगणारंही त्या वस्त्यांमध्ये कोणी नव्हतं.

तिसरा प्रश्न: माणसाला काय झालं?

शरीरात किती विष गेलं हे दोन गोष्टींवर ठरतं: हवेत ते किती होतं आणि आपण त्यात किती वेळ होतो. पण दोन्हींचं वजन सारखं नाही. १०० पीपीएम क्लोरीनमध्ये १० मिनिटं आणि १० पीपीएममध्ये १०० मिनिटं, यांचा गुणाकार एकच येतो. तरी पहिलं कितीतरी जास्त घातक आहे. (पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग.) म्हणजे थोडा वेळ आलेली दाट लाट ही बराच वेळ राहिलेल्या विरळ हवेपेक्षा वाईट.

क्लोरीनसाठी, तासभर त्यात राहिलं तर, अलोहाचा पिवळा पट्टा ०.५ पीपीएमला सुरू होतो, केशरी २ पीपीएमला आणि लाल २० पीपीएमला. हे आकडे ठरवताना मुलं, वृद्ध, दम्याचे रुग्ण असे जास्त नाजूक लोकही धरलेले असतात.

आता आईचा प्रश्न

आता घराकडे येऊ. बाहेर ढग आलाय, आत तुम्ही आहात. बंद घरातही हवा फटींमधून आत-बाहेर होत असते. समजा, तुमचं घर असं आहे की तासाला अर्ध्या घराइतकी हवा बदलते. अमेरिकेतल्या बऱ्याच घरांसाठी हा अंदाज ठीक आहे. बाहेरचा ढग अर्धा तास तसाच राहिला, तर अर्ध्या तासाच्या शेवटी आतलं प्रमाण बाहेरच्या साधारण २२ टक्के असतं. सुरुवातीला तर त्याहून खूपच कमी. दाट लाट जास्त घातक असते हे आपण आत्ताच पाहिलं. घर ती लाट अडवतं, आणि तुम्हाला मिळते तिची बरीच विरळ झालेली सावली.

उलट गाडी काढून निघालो तर? पार्किंगपर्यंत उघड्यावर चालत जायचं. मग सगळा गाव त्याच रस्त्यावर आलेला. ढगाची कड कुठे आहे ते डोळ्यांना दिसत नाही. बऱ्याच गळत्या तास-दोन तासांत आटोक्यात येतात. तेवढा वेळ बंद घर बहुतेक वेळा गाडीपेक्षा बरं. तर आई, त्या संध्याकाळी 'घरात थांबा' सांगणाऱ्यांचा हिशोब साधारण असा होता.

पण यात दोन अटी आहेत आणि त्या मेसेजमध्ये सहसा लिहिलेल्या नसतात.

पहिली अट वेळेची. त्याच घरात बाहेरचा ढग एक तास राहिला तर आतलं प्रमाण बाहेरच्या सुमारे ३९ टक्क्यांवर जातं, चार तास राहिला तर ८६ टक्क्यांवर. म्हणजे घराचा उपयोग थोड्या वेळासाठीच. आणि ढग निघून गेला की परिस्थिती उलटते: बाहेरची हवा स्वच्छ, आत मात्र शिरलेलं विष अडकलेलं. त्या वेळी खिडक्या उघडून बाहेर यायला हवं. 'सगळं ठीक' हा मेसेज आला की लोक सोफ्यावरच बसून राहतात, ते चूक.

दुसरी अट घराची. अलोहाला विचारलं तर ते घराबाहेरचं आणि घराआतलं, दोन्ही प्रमाणं काढून देतं. पण आतला आकडा काढताना ते गृहीत धरतं की दारं-खिडक्या बंद आहेत आणि घर बऱ्यापैकी घट्ट आहे. आता आमचं डोंबिवलीचं घर आठवा. बाथरूमला काचेच्या पट्ट्यांची खिडकी, ती कधीच पूर्ण मिटत नाही. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅनचं भोक. दाराखाली बोटभर फट. समजा, तिथे तासाला पाच वेळा हवा बदलते. मग अर्ध्या तासात आतलं प्रमाण बाहेरच्या ९२ टक्के होतं. म्हणजे ह्यूस्टनला जे घर ढाल आहे, ते डोंबिवलीत जवळजवळ नसल्यासारखंच. पत्र्याच्या खोलीत तर बोलायलाच नको.

या विषयात काम करताना ही गोष्ट मला सगळ्यात आधी शिकायला हवी होती, आणि ती मला आईने विचारल्यावर कळली. सॉफ्टवेअरने दिलेलं उत्तर एका ठरावीक घरासाठी असतं. ते घर कोणाचं धरलंय, हे विचारल्याशिवाय सल्ला एका गावातून दुसऱ्या गावात नेता येत नाही.

नकाशावर न दिसणाऱ्या गोष्टी

अलोहाच्या मर्यादा त्याच्या निर्मात्यांनी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. ते १० किलोमीटरच्या पलीकडचं आणि एका तासानंतरचं सांगत नाही, कारण तोपर्यंत वाराच बदललेला असतो. डोंगर, दऱ्या, इमारतींच्या रांगा ते धरत नाही. जमीन सपाट आहे असं मानतं. वारा अगदी पडलेला असेल तर ते गणित करायलाच नकार देतं. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना ते तुटक रेषा काढतं: वारा थोडा इकडेतिकडे फिरला तर ढग या रेषांच्या आत कुठेही असू शकतो. नकाशा बघताना लोकांची नजर रंगावर जाते. माझं सांगणं, आधी त्या तुटक रेषा बघा.

६ जानेवारी २००५ ला पहाटे अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना राज्यात ग्रॅनिटव्हिल या गिरणीच्या गावात एक मालगाडी उभ्या गाडीवर आदळली. क्लोरीनचा एक टँकर फुटला आणि सुमारे ६० टन क्लोरीन बाहेर आला. ९ माणसं गेली. त्यातले बहुतेक जण शेजारच्या कापडगिरणीत रात्रपाळीला होते. मैलभराच्या परिसरातल्या सुमारे ५,४०० लोकांना घरं सोडायला लावली.

आता दुसरा आकडा बघा. ९० टनांचा क्लोरीन टँकर वापरणाऱ्या अमेरिकेतल्या अनेक प्लांट्सनी सरकारला दिलेल्या हिशोबात सगळ्यात वाईट परिस्थितीतलं अंतर लिहिलं आहे १४ मैल. तिकडे १४ मैल, इकडे बळी बहुतांशी अपघाताच्या अगदी जवळ. मग मॉडेल खोटं म्हणायचं का? तसं नाही. १४ मैल हे मृत्यूचं अंतर नाही. तिथे प्रमाण ३ पीपीएमपर्यंत उतरतं, असा त्याचा अर्थ. नियमाने हिशोबच असा करायला सांगितलंय की सगळा वायू १० मिनिटांत बाहेर आला, वारा सेकंदाला दीड मीटर आणि हवा एफ वर्गाची. शिवाय नकाशावर १४ मैलांचं वर्तुळ काढतात, कारण वारा कुठल्या दिशेला असेल ते आधी ठाऊक नसतं. प्रत्यक्षात ढग एका वेळी एकाच बाजूला जातो.

तरीही शंका उरलीच. खऱ्या अपघातांमध्ये मॉडेल सांगतात त्यापेक्षा कमी माणसं का मरतात? हे तपासायला २०१५ आणि २०१६ मध्ये युटाच्या वाळवंटात टनावारी क्लोरीन मुद्दाम सोडून बघितला गेला. शिपिंग कंटेनर रचून खोटी वस्तीसुद्धा उभी केली होती. अशा प्रयोगांच्या आकड्यांवर आज आमच्यासारखे लोक मॉडेल घासूनपुसून घेतात.

धोका आणि जोखीम

आतापर्यंत आपण 'झालं तर काय' एवढंच बघितलं. त्याला धोका म्हणू. 'होण्याची शक्यता किती' हेही त्यात घातलं की ती जोखीम. त्यासाठी फास्ट आणि सफेटीसारखी मोठी, विकत घ्यायची सॉफ्टवेअर असतात. ती एका भोकाऐवजी शेकडो प्रसंग घेतात: लहान भोक, मोठं भोक, पाइप तुटला, टाकी फुटली, दिवस, रात्र, वाऱ्याच्या सगळ्या दिशा. प्रत्येकाला त्याच्या शक्यतेने गुणतात आणि सगळं बेरजेला धरतात. मग नकाशावर समजोच्च रेषांसारख्या रेषा येतात. नेदरलँड्समध्ये घरांसाठी ही मर्यादा वर्षाला १० लाखांत १ अशी ठरवलेली आहे. त्या जागी वर्षभर, चोवीस तास, उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाचा मृत्यू होण्याची शक्यता तेवढ्यापेक्षा जास्त नको.

हा आकडा ऐकायला फार पक्का वाटतो. म्हणून तो कसा तयार होतो ते बघा. समजा, टाकीवर तीन सुरक्षायंत्रणा आहेत आणि प्रत्येक यंत्रणा ऐन वेळी बंद असण्याची शक्यता १०० मध्ये १ आहे. तिन्ही एकदम बंद असण्याची शक्यता किती? १०० गुणिले १०० गुणिले १००, म्हणजे १० लाखांत १. झालं, आपण मर्यादेत.

भोपाळमध्ये टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा बंद करून ठेवलेली होती. बाहेर पडणारा वायू धुऊन काढणारा स्क्रबर ऐन वेळी चालू स्थितीत नव्हता. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणारा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. तिन्ही एकाच रात्री बंद. कागदावर ही १० लाखांतली एक गोष्ट. पण तो गुणाकार तेव्हाच बरोबर असतो, जेव्हा तिन्ही यंत्रणा बंद पडायची कारणं वेगवेगळी असतात. तोट्यात चाललेल्या कारखान्यात खर्च कमी करायचा, देखभाल पुढे ढकलायची असं ठरलं की एकच कारण सगळीकडे पोचतं. मग शक्यता १० लाखांत १ राहत नाही, १०० मध्ये १ च्या जवळ येते. यंत्रणेच्या विश्वासार्हतेसाठी सॉफ्टवेअरमध्ये चौकट असते. त्या कारखान्याने गेल्या वर्षी देखभालीचा माणूस कमी केला का, यासाठी चौकट नसते. ते तिथे काम करणाऱ्याला विचारावं लागतं.

तुम्ही काय करू शकता?

भोपाळनंतर कायदे बदलले. अमेरिकेत १९८६ मध्ये असा कायदा झाला की कारखान्यात कोणती घातक रसायनं आहेत हे आसपासच्या लोकांना कळलं पाहिजे. आता अमेरिकेतल्या सरकारी वाचनकक्षात जाऊन तुम्ही मोठ्या प्लांट्सचे 'सगळ्यात वाईट काय होऊ शकतं' याचे हिशोब वाचू शकता. फोटोकॉपी मिळत नाही, पण हाताने टिपून घेता येतं. ब्रिटनमध्ये असाल तर मोठ्या धोक्याच्या कारखान्यांची माहिती एचएसईच्या साइटवर शोधता येते. भारतात १९८९ चे घातक रसायनांचे नियम आहेत. ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त घातक रसायन असलेल्या कारखान्याने जवळच्या लोकांना धोका काय आणि अपघात झाल्यास काय करायचं ते सांगितलं पाहिजे, असं त्यात आहे.

इथे राहणाऱ्या आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घर घेताना शाळेचं रेटिंग बघितलेलं असतं. शेजारी काय साठवलंय ते मीही दोन वर्षांपूर्वीपर्यंत बघितलं नव्हतं. ते बघा. घरातली सगळ्यात कमी खिडक्यांची खोली कोणती ते ठरवून ठेवा. एसीचं बटण कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना, आलेल्या आईबाबांनाही, दाखवून ठेवा. वायू जड असेल तर तळघरात जाऊ नका, वरच्या मजल्यावर जा. बाहेर अडकलात तर वाऱ्यासोबत पळू नका, वाऱ्याला आडवे चाला. आणि मेसेज आला तर त्यात सांगितलंय ते करा, कारण त्या क्षणी त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त माहिती असते.

आई परत गेल्यावर एकदा फोनवर म्हणाली, "तुझ्या त्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या घराचं बघ ना. मला सांग, मी पळू की बसू?"

मी लॅपटॉप उघडला. ठिकाण भरलं: डोंबिवली. पुढचा प्रश्न आला: रसायन कोणतं?

"आई, आपल्या मागच्या कारखान्यात काय बनवतात गं?"

"काय की. बोर्डावर नाव आहे नुसतं. वास येतो रात्रीचा."

इतकी वर्षं आम्ही त्या घरात राहतोय, आणि मला दुसऱ्याच चौकटीत काय भरायचं ते माहीत नव्हतं. पुढे जाता आलं नाही. आईने सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यायला लावलाय. कारखान्याला आणि एमआयडीसीच्या ऑफिसला पत्र लिहायचं: काय साठवता, किती साठवता, आणि काही झालं तर आम्ही काय करायचं. मसुदा मी केलाय, सह्या ती गोळा करते आहे. काल म्हणाली, चौदा झाल्या.